गॅरेजमधल्या केळी

शेजारच्या काकूंनी इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, चार केळी लावल्या आहेत. थंडीचा पहिला कडाका पडायच्या आत त्या चारही केळी मुळांसकट काढून, टबांत घालून गॅरेजमध्ये ठेवतात. गाडी मार्चपर्यंत बाहेर बर्फात. "खोड जगलं, तरच पुढच्या वर्षी घड धरेल," एवढंच त्या सांगतात.

यंदा ऐन थंडीत त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी म्हणाले, "घरच्याच केळी आहेत की. कापून चौरंगाला बांधा."

"कापायच्या नाहीत. चौरंगच त्यांच्याकडे नेऊ."

मी म्हणालो, "काकू, गॅरेजला हीटिंग नाही. मी मोजलंय, पाच डिग्री सेल्सियस आहे."

"मग स्वेटर घाला."

काकूंनी चार टब चौरंगाच्या चार कोपऱ्यांना सरकवले. गुरुजी कुरकुरले, "देव गॅरेजमध्ये?"

"केळींना चालतं. देवाला न चालायला काय झालं?"

गुरुजींनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि शंख फुंकला.