पिवळ्या गोळ्या

लुगड्यावरचे ते पिवळे डाग माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेले नाहीत. पन्नासच्या दशकात मी चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या ठाण्यावर फौजदार होतो. एका भातगिरणीवाल्याची नवी सून दोन दिवसांच्या तापाने गेली. अंगाची नुसती भट्टी झाली होती. माहेरच्यांनी सासूवर विषाचा संशय घेतला. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली, प्रेत तपासणीसाठी चांद्याला पाठवले आणि सासूला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले. ती एकच सांगत होती, "मी काई नाई केलं, साहेब."

संध्याकाळी त्या घरची वरठीण स्वतःहून आली. धुणे धुणाऱ्या बाईला घरातले बरेच कळते.

"साहेब, सुनेच्या लुगड्याले घामाचे पिवळे डाग पडत होते. हळद नोहे. कंपाउंडरच्या बायकोच्या लुगड्याले बी तसेच डाग हायेत."

हा कंपाउंडर गावातल्या दिवंगत डॉक्टरांचा दवाखाना सांभाळत होता. त्याला ठाण्यात बोलावले, तर आधी त्याने सगळे नाकारले. मी आवाज चढवला नाही. विचारले, "तुमच्या घरी कशी तब्येत आहे?"

तो रडायलाच लागला. "बारीक व्हायच्या गोळ्या हायेत, साहेब. पोरगी लपून आली, हात जोडले. माझ्या घरची बी तेच घेऊन राह्यली. आता तिले नीट दिसत नाई."

गोळ्यांच्या बाटलीवर डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी होती: 'बंद'. कंपाउंडरला वाटले, माल यायचा बंद झाला. चांद्याच्या सिव्हिल सर्जनला फोनवर गोळीचे नाव वाचून दाखवताच त्यांनी सांगितले की, या औषधाने माणसे तापून मेली, डोळे गेले, म्हणून परदेशात ते कधीच बंद झाले आहे.

आम्ही तडक कंपाउंडरच्या घरी गेलो. बायको सुपात तांदूळ निवडत होती. खडे तसेच राहत होते. रात्रीची गोळी शेजारी ठेवलेली होती. ती मी उचलून घेतली. बाई वाचली, पुढे मोतीबिंदू काढल्यावर तिला थोडे दिसूही लागले. कंपाउंडरला शिक्षा झाली.

त्या रात्री ठाण्यात परतल्यावर सासूला मी म्हणालो, "बाई, तुम्ही घरी जा. तुमचा दोष नाही."

ती उठली नाही. "गोळ्या त्यानं देल्या, साहेब. पण चार बायांत तिले जाडी जाडी मीच म्हणत होती. हासत होती ते, मले वाटलं तिले बी गंमत वाटते."

बाईला मी स्वतः घरापर्यंत पोचवून आलो. पुढच्या नोकरीत कुठल्याही घरात सून दगावली की, कोणी मारले हे विचारण्याआधी, ती कशाने कष्टी होती, हे मी विचारू लागलो.