दहा बाय आठचा फ्लेक्स

आता काय सांगू तुम्हाला, चूक लहान असली की माणूस ती खिशात घालून फिरू शकतो. माझी चूक दहा बाय आठ फुटांची होती, रंगीत होती, आणि आमच्या गावच्या शाळेच्या मैदानात स्टेजच्या मागं बांधलेली होती.

मी देवगाव फाट्यावर फ्लेक्स छापायच्या दुकानात काम करतो. नववीत शाळा सोडली. कॉम्प्युटर दुकानातच शिकलो. बोलायची मला भीती वाटते, पण इथं बोलायचं काम गिऱ्हाइकाचं, अक्षरं बसवायचं माझं. त्यामुळं बरं चाललं होतं.

मागच्या वर्षी उपसरपंच बालाजीराव दुकानात आले. गावची लेक डॉ. सुवार्ता साळवे पुण्यातल्या एका धर्मशास्त्राच्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या होत्या, त्यांचा सत्कार ठरला होता. आमच्या गावात चार ख्रिश्चन घरं. त्यातलं एक दानियल गुरुजींचं. गुरुजींनी अर्ध्या गावाला बाराखडी शिकवली. मॅडम त्यांची मुलगी.

बालाजीरावांनी मॅडमचा परिचय मोबाइलवर पाठवला. मी टाइप करणारा माणूस, त्यामुळं सगळं वाचतो. समजतंच असं नाही. पहिल्या कॉलेजात बाईनं बायबल शिकवायचं नसतं म्हणून त्यांना मुलींच्या वसतिगृहावर नेमलं. त्यांनी तिथं स्वयंपाकघरातच पोरींना इब्री शिकवायला सुरुवात केली. इब्री म्हणजे बायबलची जुनी भाषा. मग पुस्तकं लिहिली, परदेशात शिकवलं. शेवटची ओळ होती, 'बायबलमधल्या, नाव नसलेल्या स्त्रियांवर वीस वर्षं संशोधन'.

ती ओळ लांब होत होती, म्हणून फ्लेक्सवर घेतलीच नाही.

घरी आईला हे सांगितलं तर तिनं हातातली भाकर तव्यावर तशीच सोडली.

"सुवार्ता यायली? आमी चौथीपर्यंत एका चटईवर बसायचो. माझं बी नाव टाक खाली."

"तू भेट की तिला."

"एवढ्या लोकांत कशी जाऊ? मागंच बसते. तिनं फ्लेक्सवर माझं नाव वाचलं तर हाक मारील. न्हाई मारली तर इसरली म्हणायचं."

एवढंच तिचं म्हणणं होतं. मी हो म्हणालो.

आता आमच्याकडची फ्लेक्सची रीत तुम्हाला माहीत असेलच. ज्याचा सत्कार तो निमित्त असतो. फ्लेक्स असतो शुभेच्छुकांचा. मधोमध बालाजीराव, गॉगल लावून, कानाला मोबाइल. भोवती बाकीचे. कुणाचं नाव वगळलं तर तो दुकानात येतो. तसे नऊ जण आले. प्रत्येक नाव आलं की मी मॅडमच्या नावाचा टाइप थोडा बारीक करायचो. शेवटी ते नाव मुंगीएवढं झालं.

"वाचता येईना हे," मी बालाजीरावांना म्हणालो.

"मग काढून टाक ना. 'दानियल गुरुजींची सुकन्या' लिही ठळक. गुरुजीला समदं गाव वळखतंय."

"पण मॅडमचं नाव?"

"फोटो टाकलास न्हवं कोपऱ्यात? मग नाव कशाला पायजे?"

मला ते पटलं. खरंच सांगतो, पटलं. अक्षरं इतकी सुंदर बसली की मी दुकानाच्या मालकाला बोलावून दाखवलं.

आईचं नाव टाकायचं होतं, पण बालाजीरावांना विचारायचं धाडस झालं नाही. कार्यक्रमाच्या सकाळी तिनं विचारलंच.

"टाकलं का?"

"जागा राहिली नाही."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिचं तरी नीट टाकलंस ना?"

"एकदम ठळक," मी म्हणालो.

दुपारी मैदान भरलं. आई बायकांच्या शेवटच्या रांगेत, डोक्यावरून पदर घेऊन बसली. मॅडम आल्या. साधी सुती साडी, चष्मा. हार, शाल, नारळ झालं. मग त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि बोलायच्या ऐवजी मागं वळून फ्लेक्स वाचायला लागल्या. वरपासून खालपर्यंत. अगदी खाली, कोपऱ्यात, माझं नाव आणि मोबाइल नंबर असतो. तेही वाचलं.

"गणेश शिंदे कोण आहे? वर ये."

मला वाटलं, काम आवडलं. चपला स्टेजखाली काढल्या आणि गेलो.

"हा फ्लेक्स मला वर्गात न्यायचाय. देतोस?"

"देतो मॅडम. फाइल पण देतो."

माइक चालू होता. मॅडम लोकांकडं वळल्या.

"महापूर आला तेव्हा नोहाच्या तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, त्याची बायको होती. तीन सुना होत्या. जनावरं मोजून घेतली, बायकांची नावं लिहिली नाहीत. लोटाच्या बायकोनं मागं वळून पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली. खांब लोकांच्या लक्षात राहिला, नाव कुणाला माहीत नाही. प्रेषित पेत्राच्या सासूला ताप आला, तो उतरला, तिनं उठून सगळ्यांना वाढलं. नाव नाही. मी वीस वर्षं या बायकांना शोधतेय. मुलं विचारतात, मॅडम, अशी नावं जातात कशी? मला नीट सांगता यायचं नाही." त्यांनी फ्लेक्सकडं हात केला. "आता दाखवता येईल."

बालाजीरावांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मग अर्थ डोक्यात शिरला आणि हात तसेच राहिले.

"कुणाचा रे तू?" मॅडमनी प्रेमानं विचारलं.

"आसाराम शिंद्यांचा."

"ते झालं. आईचं नाव काय?"

आता बघा. तीनशे माणसं, माइक तोंडासमोर, आणि माझ्या डोक्यात एकच शब्द. आई. मी आठवायचा प्रयत्न करत होतो.

"आई... आईच म्हणतो मी तिला."

बायकांच्या शेवटच्या रांगेतून आवाज आला, "मुक्ता! मुक्ता नाव हाय माझं."

आई उभी होती. पदर खांद्यावर आला होता. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मुक्ते? पाढे चुकवायची ती?"

"चुकवायचीस तू. मी मागून सांगायची."

मॅडम स्टेजवरून उतरल्या त्या परत चढल्याच नाहीत. भाषण तिथंच संपलं. संध्याकाळपर्यंत दोघी आमच्या ओसरीवर बसून गुरुजींच्या नकला करत होत्या.

मला मात्र झोंबलं. मॅडम दुसऱ्या दिवशी फाट्यावरूनच परत जाणार होत्या. मी ठरवलं, जाताना त्यांना दुसरा फ्लेक्स दिसला पाहिजे. वर ठळक 'डॉ. सुवार्ता साळवे', खाली शुभेच्छुक सगळ्या गावातल्या बायका. घरोघर जाऊन नावं लिहून घेतली. बालाजीरावांना त्यांच्या बायकोचं नाव विचारलं तर म्हणाले, "थांब, रेशन कार्ड बघून सांगतो." मी मनात हसलो. काय एकेक माणसं असतात.

सकाळी फ्लेक्स फाट्यावर चढवला. मॅडमची गाडी थांबली. सोबत सोडायला आई होती. ती चौथी शिकलेली, बोट धरून सावकाश वाचते. गयाबाई, कौसल्या, शेवंता, नजमा, समद्या आल्या म्हणाली. बोट शेवटच्या नावावर थांबलं.

"गणेश, हे काय?"

बाकी सगळी नावं मी विचारून लिहिली होती. शेवटचं घरचंच होतं, त्यामुळं कुणाला विचारायची गरज पडली नव्हती. आपोआप टाइप झालं होतं.

'आई'.

मॅडमनी तोही फ्लेक्स गुंडाळून गाडीत टाकला. आता त्यांच्या वर्गात दोन्ही लावतात म्हणे. आधी पहिला, मग दुसरा. खाली माझा मोबाइल नंबर आहे, दोन्हीवर. कधीकधी पुण्याच्या पोरींचा फोन येतो, तुमच्या आईचं नाव काय म्हणून विचारतात.

आता पाठ आहे.