मयतीला उघडलं ते फाटक

जिलबी एकटीच परत आली तेव्हा मी तिचीच भाकर थापत होते. तिच्या गळ्यातला दोर मातीतून ओढत आला होता आणि नेहमीसारखी ओट्यावर न चढता ती दारातच उभी राहिली. वाटलं, मोठेबाबा मागे चहाला थांबले असतील... भाकर तव्यावर टाकली. ती फुगायच्या आत शेजारचा पोरगा धावत आला आणि आमच्या यजमानांना म्हणाला, "काका, चाला लवकर. मोठ्या काकाले टिप्परनं उडवलं." रेतीचा टिप्पर होता. थांबलासुद्धा नाही. त्या दिवशी घरात जो येई तो हळहळून एकच सांगे, "कुत्र्यापायी गेला बिचारा माणूस." मी पदर तोंडात धरून बसले होते. दुःख होतंच, पण त्याहून जास्त राग होता. कुत्र्यापायी नाही गेले ते. कशापायी गेले, ते सगळ्या गावाला माहीत आहे.

मोठेबाबा म्हणजे माझे भासरे, यजमानांचे थोरले भाऊ. मुलं त्यांना मोठेबाबा म्हणत, म्हणून मीही मनात तेच म्हणत आले. त्यांनी लग्न केलं नाही. बाजाराच्या मैदानाला लागून त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमचं गाव पैनगंगेच्या काठचं, आठवडी बाजाराचं. खेड्यांतली माणसं बाजाराला येताना नको असलेली कुत्र्याची पिल्लं पोत्यात घालून आणतात आणि जाताना ती इथेच सोडून देतात. संध्याकाळी बाजार उठला की मोकळ्या मैदानावर ती केकाटत फिरत. मोठेबाबा त्यातलं एखादं शर्टात गुंडाळून घरी आणत. जिथे सापडलं तेच त्याचं नाव. पोत्यात सापडला तो पोत्या. जिलबीच्या दुकानाच्या फळीखाली सापडली ती जिलबी, आणि रंगही तिचा तसाच पिवळा. सासूबाई तेव्हा होत्या. त्या म्हणत, "आता एक दिवस म्हशीखाली सापडू दे तुले, मंग पाहू काय आणतं घरी."

आमच्यात भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्यांशी बोलत नाही. मी अमडापूरहून या घरात आले तेव्हाच आईनं सांगून पाठवलं होतं, आणि मी तशीही कमी बोलणारी. वर्षानुवर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांशी सरळ एक शब्द बोललो नाही. पण जिलबी आली आणि बोलणं सुरू झालं. ते जेवायला बसत, कुत्री पुढ्यात. घास मोडताना ते म्हणत, "जिलबे, सांग तुह्या मालकिणीले, आज भाजीत मीठ हाय की नुसता पाऊस पडला?" मी चुलीकडे तोंड करून म्हणे, "जिलबे, सांग, मीठ ताटात वाढेल हाय. चष्मा लावून पाहा म्हणा." यजमान हसून हसून ठसका लागेपर्यंत हसत. जिलबी मात्र खरंच एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघे. माझा धाकटा तापानं फणफणला होता तेव्हा ते उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "जिलबे, सांग तिले, रडू नको म्हणा. मी रिक्षा घिऊन आलो." तेही जिलबीलाच सांगितलं.

मला साखरेचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. आता चालायचं कुठे? बाईमाणूस सकाळी एकटी रस्त्यानं निघाली की गावाला विषय होतो, आणि भासऱ्यांसोबत चालणं तर त्याहून वाईट दिसलं असतं. मी गप्प बसले. एका सकाळी अंगणातून आवाज आला, "जिलबे, सांग तिले, आपण पुढं राहू. तिनं मागून यावं." तसंच झालं. बाजाराच्या मागून पांदण निघते. दोन्हीकडे वावरं, मधून बैलगाडीपुरती जुनी वाट, ती थेट नदीला जाते. पुढे मोठेबाबा आणि पोत्या, बरंच मागे मी, आणि मधल्या रिकाम्या वाटेवर जिलबी धावत राही... त्यांच्यापासून माझ्याकडे, माझ्याकडून त्यांच्याकडे. वळणावर ते दिसेनासे झाले की ती मला बघायला मागे येई. शेळ्यांचा कळप दिसला की ते दोघांना जवळ बोलावून दोर लावत. वावरात कोणी डुकरांच्या राखणीला असेल म्हणून लांबूनच आवाज देत, "माणूस हाय हो!" कुत्र्यांमुळे रानडुकरं त्या बाजूला कमी फिरकत, म्हणून शेतकरी खूश. कोणी वाळूक देई, कोणी तुरीच्या ओल्या शेंगा. नदीला पोचल्यावर कुत्री पाण्यात, ते एका दगडावर, मी दुसऱ्या टोकाला जांभळीखाली. कोणी बोलत नसे. इतकं मोकळं मला माहेरीसुद्धा वाटलं नाही. घरी येईपर्यंत जिलबीचे पाय ओलेच असत आणि तिची पावलं ओट्यावर उमटत.

मग गावातल्या पैसेवाल्या बापूसाहेबांनी पांदणीच्या दोन्ही बाजूंची वावरं घेतली आणि तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. वर कुलूप. म्हणे डुकरं घुसतात, कुत्री पिकात लोळतात. पांदण काही त्यांच्या वावरात नव्हती. ती गावाची होती. सासूबाईंच्या सासूबाई त्या वाटेनं पाण्याला गेल्या होत्या. मोठेबाबा त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले. "पाहू" म्हणाले बापूसाहेब. मोठी माणसं पाहू म्हणाली की पुढे काही होत नाही. माझं चालणं बंद झालं. डांबरी रस्त्यानं त्या टिप्परांमधून मी कशी जाणार? ते मात्र जात राहिले. दुकानात भावाजवळ म्हणाले होते, "जनावराले घरात डांबून ठेवू काय?" एका पावसाळ्यात पोत्या त्या रस्त्यावर टिप्परखाली गेला. मग ते जिलबीला दोर लावूनच नेऊ लागले, रस्त्याच्या अगदी कडेनं... तरी व्हायचं ते झालंच.

आणि आता जे सांगते त्यानं माझं अंग अजून तापतं. आमचं स्मशान नदीवर आहे आणि मयत पांदणीनंच न्यावी लागते. त्या दुपारी बापूसाहेब स्वतः किल्ली घेऊन आले. फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली, हात जोडून बाजूला उभे राहिले, पुढे खांदाही दिला. मी बाया घेऊन घरीच होते, पण यजमानांनी सांगितलं, जिलबी तिरडीच्या पुढे चालत फाटकातून आत गेली. जित्या माणसाला जे फाटक उघडलं नाही, ते मेल्यावर उघडलं! राख सावडेपर्यंत उघडं होतं. मग पुन्हा कुलूप. तेरवीला याच बापूसाहेबांनी उभं राहून भाषण केलं. "मुक्या जनावरांचा सखा गेला. निसर्गावर जीव लावणारा माणूस गेला." लोकांनी माना हलवल्या. मी दाराआड उभी होते. हातातलं पळी-पातेलं ठेवून बाहेर यावं असं वाटलं... आले नाही. आयुष्यात चार माणसांत बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी जिलबीला दोर लावला आणि निघाले. यजमान म्हणाले, "कुठी?" मी म्हटलं, "फिराले." फाटकाशी राखणदार गजा बसला होता. "काकू, इकडून रस्ता नाही."

"त्या दिशी तं होता."

"त्या दिशी मयतीचं काम होतं, काकू."

परक्या माणसाशी वर मान करून बोलायची मला सवय नाही. मी खाली जिलबीकडे बघितलं आणि सवयीनंच तोंडातून निघालं, "जिलबे, विचार त्याले, आमाले फिराले जायाचं असन तं रोज घरातून एक मुडदा आणावं काय?" गजा आधी जिलबीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. तेवढ्यात आतून बापूसाहेबच मोटारसायकलवर आले. "काय झालं, काकू? डुकरं घुसतात हो वावरात."

"जिलबे, विचार साहेबाले, डुकरं कुलूप पाहून वापस जातात काय?"

गजानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. बापूसाहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मोठे भाऊ असते तं त्याईनं तुमाले असं रस्त्यावर बोलू देलं नसतं."

"जिलबे, सांग साहेबाले. ते असते तं मी कायले बोलली असती?"

त्यांनी मोटारसायकल आत वळवली. कुलूप काढलं नाही. मी घरी यायच्या आत ते बोलणं गल्लीत पोचलं होतं. कोणी म्हणालं काकू हुकली, डोकं फिरलं तिचं, कोणी म्हणालं बरं केलं. माझ्या थोरल्यानं तहसीलला अर्ज दिला आहे. अर्जाचं काय होतं ते मला कळत नाही. मी रोज सकाळी फाटकाशी जाते आणि उभी राहते, एवढंच मला येतं. गल्लीतल्या दोघी आता सोबत येतात. गजा आम्हाला बसायला दगड देतो आणि जिलबीला काय विचारते याची वाट बघतो. मी तेच विचारते, मोठ्यानं, आतल्या वावरांपर्यंत ऐकू जाईल असं.

जिलबीचा दोर मी तिथे सोडते. फाटकाखालून तिला जाता येतं. गावाच्या वाटेवर आज कुत्रं जातं, माणसाला मनाई आहे. ती पांदणीनं धावत जाते, मोठेबाबा जितकं पुढे चालत तितकं पुढे जाऊन थांबते आणि वळून माझ्याकडे बघते. मी लोखंडाच्या अलीकडे. ती थोडी वाट बघते आणि वळणाआड दिसेनाशी होते... बऱ्याच वेळानं परत येते तेव्हा तिचे चारही पाय ओले असतात. मी खाली बसते, पदरानं ते पुसते आणि विचारते, "काय म्हणे, जिलबे?"