डुप्लिकेट

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ छापलेली असायची — वाचा आणि दुसऱ्याला द्या. पुढे जे लिहितो आहे ते मात्र मी कुणालाच दिलेले नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत धुळ्याच्या भिंती रंगवल्या त्या सोबत्यांना नाही, भटूला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून सांगणे सोपे जाईल असे वाटले — नाही, हेही खोटे. सोपे काहीच जात नाही. मला माझी किळस आली आहे, एवढेच कारण.

गेल्या महिन्यात जळगावला एक परिसंवाद होता. विषय : बेकारीला जबाबदार कोण? माझ्या आधी डाळमिलचे एक मालक बोलले. म्हणाले, "काम ढीगभर पडलंय हो! पोरांना घाम नको, पंख्याखालची खुर्ची हवी." लोक हसले. काही बापच हसले — त्यांची पोरे घरी बसलेली असणार. मी पेटलो. उठून म्हणालो, माझ्या गावचा भटू बी. कॉम. आहे. रोजगार हमीवर खडी फोडली त्याने, आता दोंडाईच्याला मिरची वाळवायच्या पथारीवर उन्हात मिरची पसरतो. त्याला घाम शिकवता? या माणसाने एम्प्लॉयमेंटचे कार्ड भर रस्त्यात जाळले आणि पुन्हा कुठल्या खिडकीपुढे हात पसरला नाही.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. डाळमिलवाले चष्मा पुसत बसले.

आणि पंख्याखालची खुर्ची? ती माझ्याकडे आहे. धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत, खिडकीजवळ. ती मला कशी मिळाली, हे त्या सभागृहात एकालाही माहीत नव्हते. भटूलाही नव्हते — आणि भटू शेवटच्या रांगेत बसला होता.

मागचे सांगतो. आमचे गाव नरडाण्याजवळ. शेताच्या कडेला एमआयडीसीचे दगड रोवलेले. त्या दगडांवर बसून आम्ही दोघांनी कारखान्याची वाट पाहिली. बी. कॉम. झालो आणि एकाच दिवशी धुळ्याला एम्प्लॉयमेंटच्या, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायच्या सरकारी कचेरीच्या, रांगेत उभे राहिलो. भटू पुढे, मी मागे. म्हणून आमचे नोंदणी क्रमांक लागोपाठचे — आधी त्याचा, मग माझा. तेव्हा सगळे त्या क्रमांकावर होते. ज्याची नोंद आधी, त्याला मुलाखतीचा कॉल आधी. तीन वर्षांनी, नेमून दिलेल्या महिन्यात, कार्डावर नूतनीकरणाचा शिक्का मारून घ्यायचा. महिना चुकला की नाव कटले. पुन्हा रांगेच्या शेपटाला.

भटूच्या आईने ते कार्ड खंडेनवमीला विळा, पांभर, कुदळ यांच्या शेजारी पाटावर मांडले होते. हळदकुंकू वाहिले. अवजारच ते! मी तेव्हा हसलो होतो. पत्रकात तिच्यावर एक ओळही लिहिली होती — आमच्या आया कागदाला पूजतात आणि सरकार कागदाला वाळवी लावते. चांगली जमली होती ओळ. लोकांना पाठ होती.

तिसरे वर्ष सरत आले तरी एकही कॉल नाही. मी पत्रक काढले : 'हे कार्ड की भिकेचा परवाना?' कलेक्टर कचेरीसमोर कार्डांची होळी करायची ठरली. काम द्या, नाहीतर भत्ता द्या, नाहीतर ही घ्या तुमची राख. शब्द माझे, घोषणा माझी, तारीख मी ठरवलेली.

त्या दिवशी सकाळी मी दोन कार्डे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक एम्प्लॉयमेंटचे. दुसरे वाचनालयाचे. दोन्ही फिकट पिवळी, जाड कागदाची. वाचनालयाचे बोटभर आखूड होते. मी त्यावर पत्रकाची घडी गुंडाळली — आता कळणार नव्हते. हे सगळे शांतपणे केले. हात थरथरला वगैरे काही नाही. तसे लिहिले असते तर तुम्हाला मी जरा बरा वाटलो असतो, नाही का?

होळीत सातआठ कार्डे पडली. पहिले माझे. टाळ्यांत टाकले ते — वाचनालयाचे. भटूने आपले कार्ड खिशातून काढले, त्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचा डाग अजून होता. त्याने तो अंगठ्याने एकदा पुसला आणि कार्ड आगीत सोडले. माझ्याकडे पाहून हसला.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात अर्ज दिला. माझे कार्ड गहाळ झाले आहे, तरी डुप्लिकेट मिळावे. मिळाले.

इथेच थांबलो असतो तरी भित्रा ठरलो असतो, एवढेच. पण पुढे मार्च आला. मार्च आमच्या नूतनीकरणाचा — लागोपाठचे क्रमांक, महिना एकच. मी भर दुपारी, डोक्याला-तोंडाला उन्हाचा रुमाल गुंडाळून त्या कचेरीत गेलो आणि शिक्का मारून घेऊन आलो. कुणी ओळखले नाही. उन्हात सगळेच तसे फिरतात.

बाहेर पडून एसटी स्टँडवर आलो तर भटू उभा. माझीच वाट पाहत होता; गावची गाडी मी इथूनच धरतो, हे त्याला माहीत होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाऊ, महिना सरी ऱ्हायना. कार्ड जळनं तरी हाफिसमा नोंद शे म्हनतस. अर्ज करा तं डुप्लिकेट भेटस. लई लेऊ का? माय रोज इचारस."

माझ्या वरच्या खिशात ओल्या शिक्क्याचे कार्ड होते. मी काय बोललो असेन?

मी म्हणालो, "घे ना. आणि अर्जात लिही — साहेब, आग चुकून लागली." मला तेवढ्याने पुरले नाही. म्हणालो, "उद्या पेपरवाल्यांनी विचारलं तर काय सांगू? होळी करणारे डुप्लिकेटच्या रांगेत उभे आहेत म्हणून?"

तो म्हणाला, "नही भाऊ. तसं नही. मी आपलं इचारं." आणि शिंदखेड्याच्या गाडीत बसला. महिना सरला. त्याचे नाव कटले.

मला का बोलायचे होते तसे? तो खिडकीपाशी गेला असता तर तिथल्या वहीत त्याच्या क्रमांकाखालीच माझी ताजी सही त्याला दिसली असती. हे होते कारण. तत्त्व नव्हते. चळवळ नव्हती. एक सही होती.

पावसाळ्यानंतर मला कॉल आला. त्या यादीत माझा क्रमांक होता, म्हणजे माझ्या आधीचाही असता. भटूला नोकरी मिळालीच असती असे मी म्हणत नाही. पण त्याच्या आईच्या हातात पोस्टमनने लिफाफा ठेवला असता, हे नक्की. मी गावात सांगितले, पेपरातल्या जाहिरातीवर अर्ज टाकला होता. भटूने पेढा खाल्ला, उरलेला अर्धा आईसाठी कागदात बांधला. म्हणाला, "एक तं लागना आपला!" पुढे त्याचे वय उलटले. मी त्याच्यावर पत्रके लिहीत राहिलो — टोपणनावाने, नोकरी सांभाळून. ती पत्रके कचेरीच्याच कागदावर लिहायचो.

जळगावच्या त्या परिसंवादानंतर तो गर्दीतून माझ्यापर्यंत आला. पॅसेंजरने आला होता, कामावरून तसाच. मी हात पुढे केला. त्याने आपले हात मागे घेतले. "हात नको भाऊ, मिरची लागेल शे. तुन्हा डोयाले लागी जाई."

मग जरा लाजत, पण थोडे रागावून म्हणाला, "दोन्हीस्नी जाळं व्हतं ना आपण? तू मन्हं एकलानंच सांगं. तुन्हं का बरं नही सांगं?"

मी मान खाली घातली. त्याला तो विनय वाटला. शेजारच्या माणसाला तो म्हणाला, "हाऊ असाच शे. सोतानं कधी सांगत नही."

सांगतो. मी जाळले नव्हते. माझे कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे, शिक्का अजून वाचता येतो. हे मी माझ्या खऱ्या नावाने छापायला देतो आहे. भटू दोंडाईच्याला वाचेल.