कन्सोल पोर्टमधल्या अक्षता

भाचीची नोकरीची शेवटची मुलाखत त्या दुपारी घरूनच, ऑनलाईन होती. आणि तिच्या घरची नेटची लाईन या मामाची. भिलाईच्या एका सेक्टरमधल्या क्वार्टरांना नेट पुरवायचा माझा छोटा धंदा आहे. म्हटलं, आज पोरीची लाईन आणखी सुसाट करून ठेवू. पावर हाउस भागातल्या माझ्या दुकानात बसूनच सेक्टरमधल्या डब्याला, म्हणजे घरोघरी वायरी वाटणाऱ्या स्विचला, लॅपटॉपवरून हुकूम सोडला. पोर्टचा, म्हणजे वायर लागते त्या भोकाचा, आकडा चुकला, आणि बाहेरून नेट येतं ते मुख्य पोर्टच बंद झालं. हुकुमाला 'सेव्ह' जोडूनच पाठवायची माझी शिस्त. त्यामुळे डबा बंद-चालू करूनही उपयोग नव्हता.

भाचीचा फोन आला. "मामा, नेट गेलं! मोबाईलवर तर चेहराच अटकून राहिला."

"आलोच. लाईन सुसाट करायला गेलो नि मीच बंद पाडली."

डबा तिच्याच घरी, जिन्याखाली. दारात भाऊजी, म्हणजे तिचे वडील, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. "या साळेबुवा! आज मदत कराले कावून गेले होते?"

अशा वेळी एकच वाट उरते. डब्याच्या कोपऱ्यात 'कन्सोल' लिहिलेलं भोक असतं. त्यात केबल घालून दुसरं टोक लॅपटॉपला लावलं, की नेट नसतानाही डबा समोरासमोर बोलतो. केबल लावली. एंटर दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं, जरा जोरात, जणू त्याला कमी ऐकू येतं.

टॉर्च मारला तर भोकात हळद-कुंकू आणि अक्षता. नुकतीच विश्वकर्मा पूजा झाली होती. त्या दिवशी भिलाईत क्रेनपासून स्क्रू-ड्रायव्हरपर्यंत कोणी टिळ्यावाचून राहत नाही. भाऊजींनी डब्यालाही सोडलं नव्हतं.

"बाकी भोकांत वायरी होत्या," ते म्हणाले. "हेच रिकामं दिसलं. मले वाटलं, नैवेद्याचं तोंड हेच असन."

मग चष्मा कपाळावर चढवून, दातकोरण्याने एकेक दाणा त्यांनीच काढला. मी फुंकर मारली तर हळद त्यांच्याच डोळ्यात गेली, आणि ते कडाडले. आतून भाची ओरडली, "बाबा, मामा, भांडू नका, टाइम होऊन राहिला!"

पुन्हा केबल, पुन्हा एंटर. आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली: डब्याचं नाव, पुढे लुकलुकणारी खूण. इतकी वर्षं हेच काम करतोय, तरी अंगावर काटा आला. जगाशी संबंध तुटलेला, अंगाला हळद फासलेली, तोंडात तांदूळ कोंबलेले. आणि तरी हा जागा होता, कोणी विचारील म्हणून थांबलेला. मी पोर्टचा आकडा या वेळी मोठ्याने वाचून टाइप केला. 'मुख्य पोर्ट चालू' अशा अर्थाची ओळ आली, आणि आत भाचीचं "गुड आफ्टरनून, सर" ऐकू आलं. लगेच तिच्या खोलीचं दार बंद झालं.

आम्ही दोघे जिन्याखालीच बसून राहिलो. तिच्या घरच्या लाईनवरून किती डेटा गेला, त्याचे आकडे मी पडद्यावर आणले. डब्याला विचारावं तेव्हा वाढलेले. तिचा एकेक शब्द या कुंकवाच्या डब्यातून पलीकडच्या कुठल्या तरी शहरात पोचत होता.

भाऊजी माझ्या खांद्यावरून वाकले. "काय बोलून राहिली, कळते का?"

"नाही भाऊजी. पण बोलून राहिली."

"मंग पुन्हा विचार त्याले."

मी विचारलं. आकडा वाढला होता.