नौयाच्या गावाला दुसरी मिडवाइफ हवी होती

आमच्या स्टाफरूममधला बिस्किटांचा डबा रोज रिकामा होतो, किस्से मात्र संपत नाहीत. बावीस वर्षं कार्डिफमध्ये मिडवाइफरी शिकवतेय. बाळंतपणाचे इतके किस्से साठलेत, की जेवताना ते सांगायला नवऱ्याने बंदी घातली आहे! नौयाचे मात्र त्यालाही चालतात.

नौया इनुइट. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, बर्फात तिचं गाव. तिथे आठवा महिना संपत आला की बाईला विमानात बसवून दूरच्या शहरात पाठवतात. महिनाभर एकटीने राहायचं, परक्यांमध्ये बाळंत व्हायचं आणि बाळ घेऊन परत यायचं. गावच्या दवाखान्यात बाळंतपणाची खोली तयार होती, एक मिडवाइफही होती. पण दुसरी मिळाल्याशिवाय खोली उघडायची नाही, असा नियम. ती दुसरी होण्यासाठी नौया शेवटच्या टर्मला आमच्याकडे आली होती. पास झाली तर खोली उघडणार, नाही तर विमान आहेच.

*

पहिल्या आठवड्यात मी दर पाच मिनिटांनी विचारायची, "समजलं?" ती गप्प. "परत सांगू?" तरी गप्प. एकच धडा मी तीनदा शिकवला. चौथ्यांदा सुरुवात केली तेव्हा ती हळूच म्हणाली, "पण मी मघापासून हो म्हणतेय!"

"कधी?"

तिने भुवया वर केल्या. तिच्याकडे 'हो' भुवयांनी म्हणतात आणि 'नाही' नाक मुरडून! आणि मी तिच्या फॉर्मवर 'प्रतिसाद देत नाही' असं लिहून मोकळी झाले होते. मुकाट्याने खोडलं.

आता डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये मीही नुसतं नाक मुरडते. मिनिट्समध्ये काही येत नाही!

*

जानेवारीत ती कोट, मफलर, टोपी अशा जामानिम्यासकट क्लासमध्ये बसायची. आम्ही तिची यथेच्छ थट्टा केली. "अगं, तू आर्क्टिकची ना?"

"आमच्याकडे थंडी घराबाहेर असते," ती म्हणाली. "तुमच्याकडे घरात!"

तिच्या लँडलॉर्डला हीटिंगबद्दल ईमेल मग मीच केला.

*

ईस्टरच्या सुट्टीत तिला लंडनजवळ पिनरला आईकडे नेलं. आई पक्की शाकाहारी. किचनमध्ये खाली बसून ती विळीवर कोबी चिरत होती. नौयाने तिच्यासमोर जमिनीवर पुठ्ठा पसरला, कार्डिफहून आमच्या फ्रीझरमधला आणलेला सामन मासा त्यावर ठेवला आणि बॅगेतून उलू काढला. उलू म्हणजे त्यांच्या बायकांची सुरी, पातं अर्धगोल. मासा कापून कच्चाच तोंडात टाकला!

आई चष्मा सावरून बघत राहिली. मग म्हणाली, "मासा तिकडे ठेव म्हणावं. आणि ते पातं गरम पाण्याने धुऊन दे मला."

उरलेला कोबी आईने उलूने चिरला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला ओट्याशी उभं राहायची सवय लागलीये. ती बघ, दोन तास मांडी मोडली नाही पोरीने!"

*

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाला ती आली. आमच्यात पाहुण्याला माइकवर दोन शब्द बोलायला लावल्याशिवाय जेवायला सोडत नाहीत. नौया म्हणाली, "सरकारी लोकांना आमची नावं म्हणता येत नव्हती. म्हणून माझ्या आजीला त्यांनी नंबर दिला. नंबराचा बिल्ला."

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले गायकवाड काका उठले. "पोरी, माझ्या आज्याचं नाव अख्ख्या गावाला म्हणता यायचं. तरी कुणी सरळ घेतलं नाही!"

मी तिला इंग्लिशमध्ये सांगितलं. काका म्हणाले, "नंबर राहू दे. नाव सांग आजीचं."

तिने सांगितलं. अख्ख्या हॉलने ते तीनदा म्हटलं. अडखळत म्हटलं, पण म्हटलं. मी रडले, सांगायला लाज कसली! त्यानंतर काकांनी तिला स्वतः वाढून दिलं.

*

जूनमध्ये शेवटची प्रॅक्टिकल. बाहेरून आलेले परीक्षक, टेबलावर रबरी बाई. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झालाय, असा प्रसंग. आमच्या मुली अशा वेळी आधी बझर दाबतात. नौयाने दाबला नाही. रक्त थांबवायला दोन्ही हातांनी रबरी बाईचं पोट चोळायला लागली.

"मदतीला कुणाला बोलावणार?" परीक्षकांनी विचारलं. हे उत्तर चुकलं की नापास.

"एक मिडवाइफ आहे, तिला. डॉक्टरला फोन. पण वादळ असेल तर विमान तीन दिवस येत नाही," ती म्हणाली. "तोपर्यंत हात काढता येणार नाहीत."

आणि पुढचं सगळं, इंजेक्शनपासून सलाइनपर्यंत, तिने एकेक करत बोलून दाखवलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "मला एक सांग," ते म्हणाले, "तुमच्याकडे आमच्या मुलींना ट्रेनिंगला पाठवता येईल का?"

*

सप्टेंबरमध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला. खोली उघडली होती! पहिली बाळंतीण सकाळीच मोकळी झाली होती. मुलगी.

नौयाने फोन फिरवून बाळाची आजी दाखवली. या आजीचा नवरा पौलूसी दोन वर्षांपूर्वी आजारी पडला, विमानाने शहरातल्या हॉस्पिटलात नेला, तो तिकडेच गेला. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, मुलगा की मुलगी ते बघत नाहीत. आणि नावाबरोबर नातंही येतं. म्हणून बाळाचं नाव पौलूसी, आणि त्याची आई त्याला "बाबा, बाबा" म्हणत पाजत होती!

पोट भरल्यावर आजीने बाळाला मांडीवर घेतलं. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग काहीतरी पुटपुटली. नौया एकदम हसली आणि डोळे पुसायला लागली.

"काय म्हणाल्या गं?" मी विचारलं.

नौयाने इंग्लिशमध्येच सांगितलं, पण मला ते 'अहो'सकट ऐकू आलं.

"म्हणाली, 'अहो, बघितलंत? या खेपेला विमानात बसू दिलं नाही तुम्हाला!'"