पूजेतला पेचकस

माझ्या बापानं मला आंदणात कपाट दिलं नाही, पलंग दिला नाही. कॉम्प्युटर दिला. त्यावरून मांडवात हसणारे पुष्कळ होते, आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते माझे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. "ह्याच्यात लुगडी कुठं ठिवायची गं?" असं सगळ्यांदेखत विचारलं. मी नवी नवरी, मान खाली घालून बसले. पण ते हसणं मी विसरले नाही, विसरणारही नाही.

सासरी, दुबलगुंडीत, रस्त्याला लागून आमची एक खोली आहे. तिच्यात मी ती मशीन मांडली. कुणाची पहाणी, म्हणजे शेताचा उतारा, काढून दे, पोरींचे कॉलेजचे फॉर्म भर, लग्नपत्रिका मराठीत आणि कानडीत टाइप कर, असं काम चालायचं. उदगीरला माहेरी असताना हार्डवेअरचा कोर्स केला होता, त्यामुळं बारीकसारीक बिघाड मीच काढायची. भायांच्या डोळ्यांत ती खोली सलायची. त्यांना तिथं खताची पोती ठेवायची होती. शेवटी एकदा भावकीसमोर चांगलीच जुंपली, तेव्हा ते म्हणाले, "जवर मशीन चालायलीय तवर खोली तुझी. बंद पडली की माझी." भावकीनं माना डोलावल्या. झालं, निकाल लागला. पुढं बाप वारला. ही मशीन गेली तर दुसरी देणारं कुणी उरलं नव्हतं, आणि खोली गेली की मी पुन्हा चूल आणि खुरपं.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्या भागात त्या दिवशी घरातलं एकूण एक हत्यार धुऊन-पुसून पूजेला ठेवतात. ट्रॅक्टर, विळे, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळं. एकदा पूजेला लागलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पूजा हलवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. भायांचा ह्यावर भारी कटाक्ष. मी आदल्या दिवशीच मशीन बंद केली, प्लग काढला, धूळ झाडली. माझा पेचकस, पक्कड, ब्रशसुद्धा भायांनी पाटावर मांडले, हळदीकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. इथवर माझी काही तक्रार नव्हती.

मग त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या, त्यात हळद, वर पानं, त्यावर नारळ, असा कलश उचलून थेट कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवला.

"भाऊजी, त्याला वरून जाळी हाय," मी म्हणाले. "पाणी आत जाईल. खाली पाटावर ठिवा."

"देवीला खाली ठिवू?" ते म्हणाले. "तू टायपिंग कर गं. पूजा नको शिकवू मला."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. आमचे हे नेहमीसारखे दारात उभे. आरती झाली. भाया ताट घेऊन ऐटीत वळले आणि त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक नारळाच्या शेंडीत अडकलं. तांब्या आडवा झाला. ते पिवळं पाणी जाळीतून गळगळ आत गेलं, एक थेंब बाहेर सांडला नाही.

माणूस चुकलं तर निदान 'अरेरे' म्हणतं. हे काय म्हणाले माहीत आहे? "मी पयलंच म्हणलं होतं, ह्या खोलीला बरकत न्हाई." आणि लगेच खाली वाकून प्लग उचलला. "लावून तर बघू. गेली का हाय, आत्ताच कळंल."

पाण्यानं मशीन मरत नाही हो. पाणी असताना करंट दिला की मरते. ती बंद होती, प्लग काढलेला होता, म्हणून तर अजून जीव होता तिच्यात. मी "नको" म्हणेपर्यंत प्लग बोर्डाला टेकला होता. मी फाडकन त्यांच्या हातावर हात मारला. प्लग खाली पडला.

आमच्यात सून भायाला शिवत नाही. त्यांच्या ताटाला ताट लागू देत नाही. आणि मी सणाच्या दिवशी, पूजेपुढं, त्यांना मारलं होतं.

"हिनं मला हात लावला," भाया म्हणाले. "बघितलं का गं माय? हात लावला!"

मी ऐकायला थांबलेच नाही. झेंडू बाजूला सारले आणि पाटावरचा पेचकस उचलला.

"पूजेतलं हत्यार हाय ते! कामून हात लावायलीस? उद्यापर्यंत हलवायचं न्हाई!"

"तुम्ही पाणी घालायलाव ते चालतंय, आन मी पुसलं की पाप व्हय?" मी म्हणाले. "सरका तिकडं. उजेड अडवू नका."

कुंकवानं बोटं लाल झाली. स्क्रू काढले, बाजूचा पत्रा काढला. मदरबोर्डावर हळदीचं पाणी साचलं होतं. आधी नाण्याएवढा सेल काढला, मग रॅम, मग हार्ड डिस्क. डिस्क खालच्या खणात होती, कोरडी ठणठणीत. माझा जीव थोडा भांड्यात पडला. बोर्ड सोडवून उभा धरला, पाणी निथळू दिलं. पण हळद तशीच वाळली तर बारीक पायांमध्ये थर धरून बसते, नंतर त्यातूनच शॉर्ट होतं. ती धुवायलाच पाहिजे, आणि नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्षार. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन अंगणात होता, त्यालाही कुंकू लावलेलं. तोही उचलून आणला. भाया ओट्यावरून ओरडत होते, ओरडू दिलं. त्या पाण्यानं बोर्ड धुतला, मग स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन एकेक कोपरा काढला.

आत्याबाई हळूच आल्या. "ज्वारीच्या पोत्यात घालून ठिव गं, वल वढून घेती," म्हणाल्या. त्यांचा हेतू बरा होता, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. "धूळ जाऊन बसंल आत, मग तुम्ही काढणार का?" म्हणून खेकसले. त्या निघून गेल्या.

सगळे भाग धुतलेल्या धोतरावर पंख्याखाली पसरले आणि राखण करत बसले. दसऱ्याच्या सकाळी भाया सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात, आणि तोंडात, "लाव की आता. हाताला तर कोरडी लागायलीय."

"आतून वाळली न्हाई अजून. दोन दिवस लागतेत."

"म्हंजी बंद हाय."

"वाळायलीय."

"चालायली न्हाई म्हंजी बंद हाय. बोलणं काय झालं होतं?"

आणि दुपारी त्या माणसानं खताची पोती खरंच आणली. सणाच्या दिवशी! स्वतःच्या पाठीवर एकेक पोतं आणून माझ्या टेबलाला लावून थप्पी रचली. मी खुर्ची सोडली नाही. आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना." मी म्हणाले, "तुम्ही जा." खताच्या वासानं डोळे चुरचुरायचे, मी बोर्ड उलटा करायची, पुन्हा सुलटा करायची. रडले नाही. इतकी तिडीक डोक्यात असल्यावर रडू कुठून येणार?

दोन दिवसांनी सगळं परत जोडलं. भाया दारात येऊन उभे राहिले, बघायला. मागं आत्याबाई, आमचे हे, भावकीतले दोघं. मशीन मरताना बघायलाच आले होते, दुसरं काय. प्लग लावला. बटण दाबलं. काहीच नाही. भायांनी घसा खाकरला. रॅम काढून पुन्हा घट्ट बसवली, पुन्हा दाबलं. पंखा फिरला, एकदा टिक्‌ वाजलं, आणि पडद्यावर उजेड आला.

भायांनी दोन्ही हात जोडले. "देवी पावली," म्हणाले, अगदी भक्तिभावानं. "माझ्या पूजेला आली."

"पोती उचला," मी म्हणाले.

"आं?"

"मशीन चालायलीय. पोती उचला."

त्यांनी धाकट्या भावाकडं बघितलं. "उचल रे." आमचे हे माझ्याकडं बघत राहिले, पण जागचे हलले नाहीत. हलले असते तर मी त्यांनाही सोडलं नसतं. भावकीतल्या दोघांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"तुमच्याच पाठीवरनं आत आली," मी म्हणाले. "तुमच्याच पाठीवरनं बाहेर जाऊ द्या."

भायांनी उपरणं काढून दाराच्या कडीला अडकवलं आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं. मी बसायला सांगितलं नाही, पाणी विचारलं नाही. शेवटचं पोतं बाहेर जाईपर्यंत मी त्यांच्याकडं पाठ करून एक लग्नपत्रिका टाइप करत होते. पेचकस मांडीवर होता, कुंकवासकट. तेव्हापासून तो मी पूजेला देत नाही.